गुडघ्यांसाठी गेलेले मामा

लिफ्टमामांचं खरं नाव शोधायचं झालं तर थेट कंपनीच्या ओळखपत्रापर्यंत जावं लागलं असतं. फार पूर्वी बहिणीची दोन मुलं सुट्टीत त्यांच्याबरोबर कामावर यायची आणि 'मामा, मामा' करत सगळा जिना डोक्यावर घ्यायची. ते ऐकून आधी वॉचमन, मग राहणारे लोक आणि शेवटी कंपनीचे साहेबसुद्धा त्यांना मामा म्हणायला लागले. भाचे मोठे होऊन दूरच्या गावी गेले, मामा मात्र सगळ्यांचे मामा होऊन बसले.

सव्वीस वर्षं ते लिफ्ट दुरुस्त करत होते. शहराच्या जुन्या भागातल्या एकोणचाळीस इमारती त्यांच्याकडे होत्या. सगळ्या लिफ्ट जाळीच्या सरकत्या दरवाज्यांच्या आणि वयाप्रमाणे कुरकुरणाऱ्या. मामा मोटर चालू करायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "ब्रेक घासतोय." उघडून बघावं तर ब्रेकच घासत असायचा.

लिफ्टचं दुखणं असं चटकन कळणाऱ्या या माणसाला स्वतःबद्दल विचारलं की उत्तर एकच यायचं.

"काय मामा, कसं काय?"

"चाललंय."

ताप असला तरी चाललंय, पाठ धरली तरी चाललंय. बायको पोस्टात खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांशी बोलून घसा बसलेला असला तरी घरी आल्यावर ती त्यांना विचारायचीच, आणि 'चाललंय' ऐकून गप्प व्हायची. एकदा शेजारणीला ती म्हणाली होती, "यांच्या अंगावर घर कोसळलं ना, तरी विटांखालून 'चाललंय' असंच ऐकू येईल."

घर काही कोसळलं नाही. कपाट मात्र आडवं आलं.

एका इमारतीत पाचव्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या. त्यांनी गिऱ्हाइकांसाठी आरशाचं कपाट घेतलं. कपाट दोन हमालांनी लिफ्टपाशी आणलं तेव्हा मामा नुकतीच तपासणी संपवून रजिस्टरात 'सर्व ठीक' लिहीत होते. हमालांनी विचारलं, लिफ्टला वजन पेलेल का? मामांना हा प्रश्न फार लागला. "दोन कपाटं न्या," ते म्हणाले, आणि खात्री पटावी म्हणून स्वतःच आत जाऊन मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. हमालांनी त्यांच्यापुढे कपाट ढकललं. आरसा दरवाज्यावर आपटून फुटू नये म्हणून त्याचं तोंड आत, म्हणजे मामांकडे केलं, जाळी ओढली, आणि कपाटाचे खण व मामांची हत्यारांची पिशवी घेऊन ते जिन्यानं वर गेले. वरून बाईंनी बटण दाबलं. लिफ्ट निघाली आणि तिसऱ्या व चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली.

काय झालं ते मामांना लगेच कळलं. कपाटाचा पाय सरकून जाळीला टेकला होता. जाळी अर्धं बोट उघडली होती, आणि जाळी उघडी असली की लिफ्ट चालत नाही. कपाट अर्धं बोट मागे आलं असतं तर काम झालं असतं. पण कपाटाच्या मागे जी काय जागा होती ती मामांच्या पोटानं व्यापलेली होती. धोक्याची घंटा कपाटापलीकडे होती. फोन पिशवीत होता, आणि पिशवी पाचव्या मजल्यावर पोचली होती.

एवढ्यात मामांचं खाकरणं ऐकून जिन्यावरून कुणीतरी जाता जाता विचारलं, "काय मामा, चाललंय का काम?"

जाळीतून त्या माणसाला फक्त कपाटाची पाठ दिसत होती. कपाटामागे लिफ्टवाले आहेत म्हणजे काहीतरी दुरुस्तीच चालली असणार, असं त्याला वाटलं. आणि मामांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "चाललंय."

दुसऱ्यानं विचारलं तेव्हा मामांना वाटलं, आता याला वेगळं कसं सांगायचं? पहिला काय म्हणेल? तिसऱ्याच्या वेळी तर प्रश्नच मिटला. सकाळी अकरापासून दुपारी अडीचपर्यंत वरून हाका मारणाऱ्या बाई आणि हमाल धरून निदान वीस जणांनी चौकशी केली आणि वीसही जणांना मामांनी निर्धास्त करून पाठवलं. नाकापासून वीतभर अंतरावर आरशात त्यांचंच तोंड होतं. दर वेळी ते तोंड 'चाललंय' म्हणायचं आणि मामा त्याच्याकडे बघत राहायचे. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

अडीचच्या सुमाराला, जेवण टळल्यामुळे पोट आत गेलं म्हणा किंवा जीव मेटाकुटीला आला म्हणून म्हणा, मामांनी सगळा श्वास सोडला, दोन्ही हातांनी कपाट छातीशी कवटाळलं आणि ओढलं. जाळी बसली. लिफ्ट आपोआप पाचव्यावर गेली. शिवणकामवाल्या बाई पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "केवढी मेहनत घेतलीत मामा, जेवायलासुद्धा थांबला नाहीत."

मामा पाणी प्यायले, त्यांनी रजिस्टरात पुन्हा 'सर्व ठीक' लिहिलं आणि ते जिन्यानं खाली उतरले. त्या दिवसापासून ते लिफ्टमध्ये चढले नाहीत.

चढायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पाय उचलला की तळवे घामानं भिजायचे आणि छातीवर कुणीतरी कपाट ठेवल्यासारखं व्हायचं. मग ते कामावरच्या जोडीदाराला आत पाठवायचे. "तू खालीवर जा, मी बाहेरून आवाज ऐकतो." गच्चीवरच्या मोटरच्या खोलीपर्यंत जिन्यानं, तळाच्या खड्ड्यापर्यंत जिन्यानं, एकोणचाळीस इमारती. दोन महिन्यांत गुडघे भोपळ्यासारखे सुजले.

बायकोनं धरून सरकारी दवाखान्यात नेलं. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "इतके जिने कशाला चढता?"

"बंद लिफ्टपर्यंत जायचं तर जिन्यानंच जावं लागतं," मामा म्हणाले. डॉक्टरांना हे पटलं. बायकोला पटलं नाही, पण ती डॉक्टरांसमोर काही बोलली नाही. चिठ्ठीवर लिहून मिळालं: व्यायामोपचार, चौथा मजला, गुरुवार, दुपारी तीन.

गुरुवारी मामा दवाखान्यात वेळेवर पोचले. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत मात्र चार वाजून दहा मिनिटं झाली, कारण प्रत्येक मजल्यावर बाकडं होतं आणि प्रत्येक बाकड्यावर त्यांना बसावं लागलं. खोली बरोबर होती. भिंतीला कठडे लावलेले, कोपऱ्यात रबरी चेंडू, एका खिळ्याला प्लास्टिकचा सांगाडा टांगलेला. फक्त मधोमध सातआठ खुर्च्या गोलात मांडलेल्या होत्या आणि लोक बसले होते. कॅनव्हासचे बूट घातलेली, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली एक ठेंगणी बाई उभी होती.

"या. गुरुवारचेच ना तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"हो, गुरुवारचाच."

"मग बरोबर वेळेवर आलात. आम्हाला एक वडील हवेच होते. त्या खुर्चीत बसा."

मामा बसले. त्यांच्यासमोर एक आडदांड माणूस उभा होता, केसांत पीठ अडकलेला. तो बेकरीवाला होता. बाई मामांना म्हणाल्या, "हे तुमचे चिरंजीव. तुम्ही त्यांचे वडील. बारा वर्षांपूर्वी वारलात."

मामांना वाटलं, हल्ली व्यायामाच्या काहीतरी नवीन पद्धती आल्या असतील. तरी ते हळूच म्हणाले, "माझे गुडघे दुखतात हो."

बेकरीवाल्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बाबांचेही दुखायचे," तो म्हणाला.

आता मामांना उठताही येईना. बेकरीवाला पुढे झाला, हातात नसलेला पाव त्यानं पुढे केला आणि विचारलं, "बाबा, कसा झालाय?"

मामा आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, त्या एका शब्दाचा अपवाद सोडला तर. ते म्हणाले, "मी खाल्लेला नाही."

सगळे हसले. बेकरीवाला हसला नाही. "अगदी हेच म्हणायचे," तो म्हणाला. "रोज. शेवटपर्यंत चव बघितली नाही माझ्या पावाची."

"आता जागा बदला," बाई म्हणाल्या. "तुम्ही बाबा व्हा. आणि तुम्ही मुलगा."

बेकरीवाला खुर्चीत बसला. मामा नसलेला पाव घेऊन उभे राहिले. तो पाव पुढे करताना हात अवघडतो, हे त्यांना प्रथमच कळलं. खुर्चीतल्या बेकरीवाल्यानं त्या रिकाम्या हाताकडे बघितलं. मग वडिलांच्या खरखरीत आवाजात म्हणाला, "मला भीती वाटायची रे. माझ्यापेक्षा चांगला झाला असला तर?" आणि रडता रडता हसायला लागला, इतका की खुर्ची करकरली.

सगळे पांगल्यावर बाईंनी यादी बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुम्ही व्यायामाचे. ते तीन वाजता असतात. हा मनाच्या आजारांचा गट आहे. आम्ही नाटकासारखं करून बघतो. तुम्हाला आधी न विचारता मी उभं केलं, माझी चूक झाली."

"चूक कसली," मामा म्हणाले. "पुढच्या गुरुवारी कोण मरणार आहे?"

बाईंना हसू आवरेना. पण पुढे यायचं असेल तर आधी माझ्याशी नीट बोलायचं, आणि इथलं इथंच ठेवायचं, असं त्यांनी बजावलं. सोमवारी मामा बाईंशी बोलले. जिने चढवत नाहीत आणि लिफ्टमध्ये बसवत नाही, एवढंच सांगितलं. कपाटाचं नाव काढलं नाही.

मग गुरुवारांमागून गुरुवार मामा धमाल करायला लागले. कुणाचा साहेब व्हा म्हटलं की हो, कुणाची सासू व्हा म्हटलं की हो. एका निवृत्त बस ड्रायव्हरसाठी ते चक्क बसचा ब्रेक झाले आणि असे काही किंचाळले की ड्रायव्हरनं उठून त्यांची माफी मागितली. गटात लायब्ररीत काम करणारी एक मुलगी होती, इतकं हळू बोलायची की दोनदा विचारावं लागे. मामा तिच्यासाठी पुस्तक परत न करणारं उर्मट गिऱ्हाईक झाले. तिनं पहिल्यांदा 'दंड भरा' हे शब्द खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातील असे उच्चारले, तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या मामांनीच वाजवल्या. घरी जाताना ते जिन्यावर स्वतःशी हसायचे. बायकोनं विचारलं, "व्यायामानं फरक पडतोय?" तर म्हणाले, "गुडघ्यांना नाही."

सहाव्या गुरुवारी बाई म्हणाल्या, "आज मामा."

"माझं काय, चाललंय," मामा म्हणाले. आणि आपलाच शब्द कानावर पडल्यावर त्यांच्या अंगावर काटा आला. मग ते खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी सगळं सांगितलं. कपाट, जाळी, आरसा, वीस माणसं. बेकरीवाला मध्येच म्हणाला, "साडेतीन तास?"

बाईंनी व्यायामाच्या गाद्या उभ्या करून लिफ्ट बनवली. बेकरीवाला कपाट झाला. त्याला वेगळं काही करावंच लागलं नाही. त्याच्यापुढे लायब्ररीवाली उभी राहिली, ती आरसा. मामा जे करतील ते तिनं करायचं. बस ड्रायव्हर आणि बाकीचे जिन्यावरचे लोक झाले.

"काय मामा, चाललंय का काम?"

"चाललंय," मामा म्हणाले. समोर लायब्ररीवालीचे ओठ हलले, "चाललंय." तिच्या तोंडावर कसनुसं, आर्जवी हसू होतं. मामांना आश्चर्य वाटलं. आपण असे हसतो?

"चाललंय का मामा?"

"चाललंय." घाम फुटला. बेकरीवाल्याचं वजन अंगावर येत होतं.

"बदला," बाई म्हणाल्या. "मामा, तुम्ही बाहेर या. जिन्यावर. आणि तू मामांच्या जागी आत जा."

मामा बाहेर आले. आत कपाटामागे लायब्ररीवाली गेली. मामांनी जिन्यावरच्या माणसाच्या थाटात विचारलं, "काय मामा, चाललंय का काम?"

आतून तिच्या त्या बारीक आवाजात आलं, "चाललंय."

मामा दोन पावलं पुढे गेले. थांबले. मागे वळले. "नक्की?"

"चाललंय, चाललंय."

"आवाज असा का येतोय मग?"

"चाललंय हो."

मामांचा पारा चढला. "अहो काय चाललंय? कपाटामागून माणूस बोलतोय, श्वास लागलाय, आणि चाललंय म्हणे. मी काय परका आहे? सांगितलं असतंत तर मी धावत वर जाऊन त्या हमालांना आणलं असतं. दोन मिनिटांचं काम. लाज कसली वाटते एवढी?"

आपण काय बोललो ते मामांना बोलून झाल्यावर कळलं.

"आता पुन्हा आत जा," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. मामा आत गेले. जिन्यावरून ड्रायव्हरनं विचारलं, "काय मामा, चाललंय का?"

मामांनी तोंड उघडलं. 'च' आला, तो त्यांनी गिळला. आरशातली लायब्ररीवाली त्यांच्यासारखंच तोंड उघडून थांबली होती. मग सव्वीस वर्षांचा, किंवा त्याहूनही जुना, असा एक आवाज त्यांच्या पोटातून आला.

"अडकलोय. अहो, मी अडकलोय, मला काढा कुणीतरी."

तो आवाज चौथ्या मजल्याच्या टोकापर्यंत गेला. दार धाडकन उघडलं. दोन नर्स, एक वॉर्डबॉय आणि आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन एक चौकीदार आत घुसले. वॉर्डबॉयनं बेकरीवाल्याला कंबरेला धरून ओढलं. बेकरीवाला कोसळला, त्याच्यावर गाद्या कोसळल्या, आणि चौकीदारानं गोंधळून नळकांड्याची पिन उपटली. पुढच्या दहा सेकंदांत सांगाड्यासकट सगळे पांढरे झाले. कुणीतरी हसायला सुरुवात केली, मग कुणालाच थांबता येईना. ठेंगण्या बाई जमिनीवर बसून पोट धरून हसत होत्या. आणि मामा, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झालेले मामा, ज्या माणसानं त्यांना ओढून बाहेर काढलं होतं त्या वॉर्डबॉयचा हात सोडत नव्हते. "आलात तुम्ही," ते त्याला पुन्हा पुन्हा सांगत होते. "लगेच आलात."

त्या दिवशीही मामा जिन्यानंच उतरले. एका दिवसात काही जादू होत नाही.

घरी बायकोनं दार उघडलं आणि पांढऱ्या नवऱ्याकडे बघत राहिली. "अहो, हे काय?"

"बस जरा," मामा म्हणाले. "मी तीन महिन्यांपूर्वी अडकलो होतो."

गटातल्या दुसऱ्या कुणाचं त्यांनी काही सांगितलं नाही. स्वतःचं मात्र सगळं सांगितलं. बायको ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही आता लिफ्टमध्ये चढत नाही हे मला माहीत होतं. तुमच्या जोडीदारानं पोस्टात येऊन सांगितलं होतं. म्हटलं, कधीतरी स्वतः सांगतील."

मामांना नव्यानं शिकलेलं आठवलं. "आपण जागा बदलू या," ते म्हणाले. "तू मी हो, मी तू होतो."

बायकोनं एका क्षणाचाही विचार केला नाही. उठली, कंबरेची नसलेली पँट वर ओढली, डोळे अर्धे मिटले, भिंतीला कान लावला आणि म्हणाली, "फ्रिज घासतोय." हुबेहूब. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग ते बायको झाले, कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "अहो, कसं काय? आज तरी बोला." हे शब्द स्वतःच्या तोंडातून येताना त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जड निघाले.

"आणि तुझं गं?" बायकोनं मामांच्या आवाजात विचारलं. "तुला काय हवंय?"

मामा बायको होऊन विचार करायला लागले. तिला काय हवंय? एकतीस वर्षांचा संसार, आणि त्यांना एकही गोष्ट आठवेना. मग म्हणाले, "मला माहीत नाही. सांग ना."

बायको जरा लाजली. "पोहायला शिकायचंय," ती म्हणाली. "लहानपणापासून. हसू नका."

मामा हसले नाहीत.

पुढच्या महिन्यात त्यांनी जोडीदाराला खरं सांगितलं. तोही म्हणाला, मला माहीत होतं. एकूण ज्याला त्याला माहीत होतं, एक मामा सोडून. मग एके सकाळी जोडीदार बाहेर आणि बायको आत अशा बंदोबस्तात मामा दवाखान्याच्या लिफ्टमध्ये एक मजला वर गेले. बायकोचा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की तिला दुपारपर्यंत शिक्का मारता आला नाही. दुसऱ्या वेळी दोन मजले. चौथ्यापर्यंत पोचायला त्यांना पाच आठवडे लागले. मधे एकदा ते अर्ध्या वाटेत उतरलेही, आणि तसं त्यांनी गटात न लाजता सांगितलं. गुडघ्यांचा व्यायामही अखेर सुरू झाला, गुरुवारी तीन वाजता. चारला मामा त्याच खोलीत थांबायचे. नवीन कुणी आलं की बाई विचारायच्या, "तुमच्यासाठी कोण हवं?" आणि कुणाचा आजोबा असो, कुणाची घरमालकीण असो, मामा बाह्या सरसावून उठायचे.

बायकोचं पोहणं रविवारी सकाळी असायचं. मामा तलावाच्या काठावर तिचा टॉवेल मांडीवर घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी तिनं कठडा सोडला नाही. तिसऱ्या रविवारी सोडला, बुडाली, पाणी प्यायली, वर आली आणि पोरीसारखी खिदळली. सातव्या रविवारी तिनं चार हात मारले आणि काठाशी येऊन धापा टाकत म्हणाली, "तुम्हीपण या."

"मला पोहता येत नाही."

"मग तिला सांगा ना," बायकोनं शिकवणाऱ्या मुलीकडे बोट दाखवलं.

मामा टॉवेल बाजूला ठेवून उठले, त्या मुलीपाशी गेले आणि तिला सांगितलं.

पुढच्या रविवारी उथळ पाण्यात दोन रबरी टोप्या शेजारी शेजारी दिसत होत्या. त्यातल्या मोठ्या टोपीला ती मुलगी समजावत होती, "काका, कठडा सोडा. छान. आता माझा हात सोडा. अहो काका, माझा हात सोडा."